पाणी येतंय हे सांगा, का आलं ते विचारू नका!

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय आणि आकडे नीट लिहिलेत. ज्यांचा डेटा संपलाय, किंवा जे एसटीत बसलेत आणि इअरफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय आहे रेडिओ, त्याचे मालक आणि बातमीचं स्वातंत्र्य. तुम्ही म्हणाल, रेडिओ आता ऐकतं कोण? थांबा जरा. विषय रेडिओपासून सुरू होतो, पण संपतो तुमच्या हातातल्या फोनवर. आणि मधे भंडारा जिल्हा येतोच येतो.

एक पूर आणि दोन प्रश्न

ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस, तिकडच्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आणि फुगलेली वैनगंगा. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं, नदीकाठची गावं पाण्यात गेली. खाली पवनीजवळ गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले. पुढे ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीलाही तडाखा बसला.

अशा वेळी माणसाच्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला: पाणी कुठवर आलंय, कोणता रस्ता बंद आहे, कुठे जायचं? दुसरा प्रश्न पाणी ओसरल्यावर येतो: वरून पाणी कधी सोडलं, कुणी कुणाला कळवलं, आमच्यापर्यंत निरोप वेळेत का आला नाही, नुकसानीचा पंचनामा कुणाचा झाला आणि कुणाचा राहिला?

आता गंमत बघा. भारतातल्या खाजगी एफएम स्टेशनला पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला परवानगी आहे. दुसरा प्रश्न विचारायला नाही.

मी अतिशयोक्ती करत नाहीये. खाजगी एफएमसाठी केंद्र सरकारचं २०११ चं धोरण आहे, त्याला तिसरा टप्पा म्हणतात. त्यात बातम्यांवर बंदी आहे. सूट एवढीच की आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, एक शब्द न बदलता लावता येतं. शिवाय काही गोष्टी ‘बातमी नाही’ असं ठरवून मोकळ्या ठेवल्यात: वाहतूक, हवामान, खेळांची माहिती, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे.

म्हणजे ‘पाणी येतंय’ ही सूचना झाली. ‘पाणी का आलं’ ही बातमी झाली. पहिली चालते, दुसरी चालत नाही.

आणि हे फक्त रेडिओला लागू आहे हं. वर्तमानपत्राला नाही, टीव्हीला नाही. २४ तास आरडाओरडा करणारी चॅनलं चालतात, पण एफएमवर दहा मिनिटांच्या स्थानिक बातम्या चालत नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्या. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे. त्याआधी २०१३ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेने या बंदीविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिकाही केली होती.

सरकारला रेडिओची एवढी भीती का?

थोडं मागे जाऊ. १९४२. गांधीजींसह काँग्रेसचे पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्या वेळी मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुपचूप एक रेडिओ सुरू केला. काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्टला प्रसारण सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड टाकून ते बंद पाडलं. जेमतेम अडीच महिने. जागा सारख्या बदलाव्या लागायच्या, कारण पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरायची.

यात आपल्या विदर्भाचा धागा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टीला उठाव झाला आणि नंतर तिथल्या लोकांवर जबर दडपशाही झाली. छापील वर्तमानपत्रांना ते धड लिहिता येत नव्हतं. उषा मेहतांनी पुढे सांगितलंय की चिमूर-आष्टीची हकीकत काँग्रेस रेडिओने तपशीलवार दिली. चिमूर भंडाऱ्यापासून किती लांब आहे? पवनी ओलांडली की भिवापूर, आणि पुढे चिमूरच. आपल्या शेजारची बातमी मुंबईच्या एका खोलीतून, बेकायदा लहरींवरून देशाला ऐकवावी लागली!

आणखी एक गोष्ट. त्या रेडिओसाठी साधनसामग्री दिल्याबद्दल ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीचे नानक मोटवानी यांनाही पकडलं होतं. म्हणजे कंपनी किंवा व्यापारी म्हटलं की तो बातमीच्या विरोधातच असतो, असं काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. इंग्रज गेले, पण लहरींवरचा कायदा राहिला. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा, दोन्ही इंग्रजांच्या काळातले, स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं चालले. रेडिओ म्हणजे आकाशवाणी आणि आकाशवाणी म्हणजे सरकार, असंच समीकरण होतं. नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. त्या केंद्राने विदर्भासाठी खूप केलं: शेतीचे कार्यक्रम, लोकगीतं, प्रादेशिक बातम्या. पण बातमी कोणती आणि किती, हे ठरवणारा शेवटचा हात सरकारचाच.

लहरी कुणाच्या? कोर्ट म्हणालं, जनतेच्या

९ फेब्रुवारी १९९५. सुप्रीम कोर्टाचा निकाल. विषय होता क्रिकेटचा! १९९३ च्या हिरो कपचे सामने दाखवण्यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती-प्रसारण मंत्रालय भांडत होते. निकाल लिहिणाऱ्यांत एक मराठी न्यायमूर्ती होते, पी. बी. सावंत. कोर्टाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा. सरकारची मक्तेदारी चालणार नाही.

आणि त्याच निकालात दुसरा इशाराही होता, जो लोक विसरतात: सरकारची मक्तेदारी जाऊन तिच्या जागी मूठभर पैसेवाल्यांची मक्तेदारी आली, तर तेही चालणार नाही. वेगवेगळी मतं, वेगवेगळे आवाज ऐकू येणं हा लोकांचा हक्क आहे.

मग झालं काय? लिलाव. २००० च्या आसपास एफएमच्या वारंवारिता लिलावात निघाल्या. २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खाजगी स्टेशन सुरू झालं. २००५ मध्ये दुसरा टप्पा, २०११ मध्ये तिसरा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपल्या शेजारचं गोंदियाही आहे.

लिलाव म्हणजे जो जास्त बोली लावेल त्याचं स्टेशन. त्यावर दरवर्षी कमाईतला हिस्सा सरकारला. एवढा पैसा घालणार कोण? ज्याच्याकडे आधीच आहे तो. म्हणून नागपुरात तुम्ही जी खाजगी स्टेशनं लावता, त्यांचे मालक बघा. मिर्ची हे टाइम्स समूहाचं. माय एफएम हे दैनिक भास्कर आणि दिव्य मराठीवाल्या समूहाचं. रेडिओ सिटी हे २०१५ पासून दैनिक जागरणवाल्यांकडे. म्हणजे ज्यांची वर्तमानपत्रं, त्यांचेच रेडिओ. नवा आवाज कुठे आला? आवाज तोच, फक्त गाणी लावून.

शिवाय एफएमची लहर सरळ रेषेत जाते, फार लांब पोचत नाही. नागपूर ते भंडारा साधारण ६० किलोमीटर. पुढे साकोली, लाखांदूरकडे जाल तसं नागपूरचं एफएम खरखरत विरून जातं. आणि ऐकू आलं तरी त्यात आपलं काय? नागपूरच्या सिग्नलवरची वाहतूक कोंडी आणि नागपूरच्या मॉलची जाहिरात. तुमसरचा धानाचा भाव त्यात कुठे? झाडीबोलीत बोलणारा एक तरी निवेदक कुठे?

एका रात्री फोन कुणीच उचलला नाही

मालक एकच झाला की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऐकून घ्या, कारण ते पुरासारखंच आहे.

१९९६ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत, यावरची मर्यादा काढून टाकली. ‘क्लिअर चॅनल’ नावाच्या कंपनीने सपाटा लावला आणि तिच्याकडे सुमारे १२०० स्टेशनं आली. नॉर्थ डकोटा राज्यात मायनॉट नावाचं छोटं शहर आहे. तिथली सहाच्या सहा व्यावसायिक स्टेशनं याच कंपनीची.

१८ जानेवारी २००२. मध्यरात्रीनंतर मायनॉटजवळ मालगाडी रुळावरून घसरली आणि अमोनिया वायूचा ढग शहराकडे सरकला. लोकांना सांगायचं होतं: घरातच थांबा, खिडक्या बंद करा. पोलिसांनी स्टेशनला फोन लावला. बराच वेळ कुणी उचलला नाही. रात्रीचे कार्यक्रम आधी भरून ठेवलेले, यंत्रावर चालू. एक माणूस दगावला, शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. कंपनीचं म्हणणं होतं की चूक आपली नाही, आपत्कालीन यंत्रणा पोलिसांनी नीट वापरली नाही. तो वाद पुढे चालत राहिला. पण शहराला कळलं ते हे की आपल्या गावात सहा स्टेशनं आहेत आणि त्या रात्री जागं असं एकही नव्हतं.

इथे कुणी वाईट हेतूने बातमी दाबली नव्हती. रात्रपाळीला माणूस ठेवणं परवडत नाही, एवढा साधा हिशोब. मोठ्या कंपनीचा प्रभाव नेहमी धमकीच्या रूपात येत नाही. बरेचदा तो खर्च वाचवण्याच्या रूपात येतो.

भारतात निदान मर्यादा आहे. तिसऱ्या टप्प्यात २०२२ पर्यंत एका कंपनीला देशातल्या एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नसत, आणि एका शहरातल्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. हे चांगलंच आहे. पण त्याच कंपनीचं वर्तमानपत्र, वेबसाइट आणि रेडिओ एकाच शहरात असू शकतं.

बंदी उठली की सगळं सुटलं का?

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे! एफएमवरची बातम्यांची बंदी काढा, काम झालं.

नाही झालं. कारण वर्तमानपत्रांवर तशी बंदी कधी नव्हती, तरी काय झालं ते भंडारा जिल्ह्याने बघितलंय.

२९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलांची, गावातल्या जमावाने हत्या केली. आज हे नाव देशाला माहीत आहे. पण तेव्हा? सुरुवातीला कुठे चार ओळी, त्याही अनैतिक संबंधातून झालेला गुन्हा असल्यासारख्या. जातीचं नाव नाही, जमिनीच्या रस्त्यावरून आधीपासून चाललेल्या वादाचा पत्ता नाही. मोठ्या वर्तमानपत्रांनी खरं काय झालं ते लिहायला जवळजवळ महिना घेतला. तोवर कार्यकर्ते गावात जाऊन माहिती गोळा करत होते, सत्यशोधन अहवाल तयार करत होते, ते हातोहात आणि ईमेलने पाठवत होते. नोव्हेंबरमध्ये विदर्भात मोर्चे निघाले, तेव्हा सगळी चॅनलं धावत आली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं.

त्या महिनाभराच्या शांततेसाठी कुठल्या उद्योगपतीने फोन केला होता, असं मी म्हणत नाहीये. तसा फोन लागतच नाही. बातमी विकत घेणारा वाचक कोण, जाहिरात देणारा कोण, बातमीच्या टेबलावर बसलेला कोण आणि त्याला मोहाडीचं गाव किती जवळचं वाटतं, यावर ते ठरतं. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्याची बातमी वर्तमानपत्राला महत्त्वाची वाटत नाही. बाजाराचा हिशोब असा, सेन्सॉर न लागता सेन्सॉरचं काम करतो.

मग येतो उघड पैसा. २००९ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक. एकाच नेत्याची स्तुती करणारा जवळपास तोच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत, वेगवेगळ्या नावांनी ‘बातमी’ म्हणून छापून आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे उघड केलं. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घराघरात पोचला. प्रेस कौन्सिलने समिती नेमली, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची. त्यांनी पुराव्यांसह, नावांसह अहवाल लिहिला. कौन्सिलने तो अख्खा प्रसिद्ध न करता छोटा करून मांडला. पूर्ण अहवाल बाहेर यायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे.

तिसरा मार्ग कोर्टाच्या नोटिशीचा. मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे जुनं, नावाजलेलं साप्ताहिक. २०१७ मध्ये त्यात अदानी समूहाबद्दल लेख आले. कंपनीकडून बदनामीची कायदेशीर नोटीस आली, मजकूर खोटा असल्याचं सांगत. साप्ताहिक चालवणाऱ्या विश्वस्तांनी लेख काढायला लावला आणि जुलै २०१७ मध्ये संपादकांनी राजीनामा दिला. संपादक कोण? तेच परंजॉय गुहा ठाकुरता. लेख बरोबर की चूक, हे कोर्टात ठरलंच नाही. नोटीस पुरेशी ठरली. मोठ्या कंपनीला वकिलाचा खर्च म्हणजे चहापाणी, छोट्या प्रकाशनाला तोच खर्च म्हणजे टाळं.

आणि चौथा मार्ग सगळ्यात सरळ: माध्यमच विकत घ्या. २०१४ मध्ये रिलायन्सने नेटवर्क-१८ ताब्यात घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्हीची बहुसंख्य मालकी अदानी समूहाकडे गेली आणि मे २०२४ मध्ये एनडीटीव्ही मराठी सुरू झालं. तिरोड्याचा ३३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प याच समूहाचा. तिरोडा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. याचा अर्थ तिथले पत्रकार खोटं बोलतात, असा मुळीच नाही. त्यांत चांगले लोक आहेत. प्रश्न एवढाच आहे: उद्या तिरोड्याच्या राखेबद्दल शेतकऱ्यांची तक्रार आली, तर ती बातमी करावी की नाही हे ठरवताना बातमीदाराच्या डोक्यात एक क्षण तरी मालकाचं नाव येईल ना? तो एक क्षण म्हणजेच प्रभाव.

मग तिसरी वाट आहे का?

आहे. तिचं नाव कम्युनिटी रेडिओ, म्हणजे लोकांचा रेडिओ.

२००२ मध्ये आधी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६ च्या शेवटी स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. ट्रान्समीटर छोटा, आवाज साधारण १० किलोमीटरच्या आसपास पोचतो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवेत. नफा कमावण्यासाठी चालवता येत नाही. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला मिळत नाही, नोंदणी असलेली संस्था लागते. लिलाव नाही! ही सगळ्यात मोठी गोष्ट. आज देशात अशी सुमारे ५०० स्टेशनं आहेत.

१५ ऑक्टोबर २००८ ला तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूर गावात ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. चालवणाऱ्या कोण? गावातल्या दलित शेतकरी बायका. त्याचं उद्घाटन केलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. हो, तेच १९९५ च्या निकालाचे. लहरी जनतेच्या आहेत हे त्यांनी कागदावर लिहिलं होतं, तेरा वर्षांनी ते डोळ्यांनी बघितलं.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, ९०.४ वर. दुष्काळी माण तालुक्यातल्या बायका, शेतकरी, पोरं तिथे स्वतः बोलतात.

पण इथेही गाठ आहे. कम्युनिटी रेडिओलाही स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी द्यायला मनाई आहे. आणि पैशाचं काय? जाहिरातीला परवानगी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर नेली, आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. दर वाढला हे बरंच झालं. पण ज्या स्टेशनचा मोठा आधार सरकारी जाहिरात आहे, ते सरकारला अवघड प्रश्न कसा विचारेल? कंपनीच्या जाहिरातीला जो नियम लागतो, तोच सरकारच्या जाहिरातीलाही लागतो.

हे सगळं जगात असंच आहे असं समजू नका. नेपाळमध्ये १९९७ ला ‘रेडिओ सगरमाथा’ सुरू झाला, आणि तिथली छोटी छोटी स्टेशनं बिनधास्त बातम्या देतात. फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्रने सत्ता हातात घेतली, तेव्हा त्याने एफएमवरच्या बातम्या बंद केल्या. राजाला नेमकं माहीत होतं, डोंगरातल्या गावात कशामुळे बातमी पोचते ते.

आणि आपल्या पूर्वेला, छत्तीसगडमध्ये लोकांनी भन्नाट युक्ती काढली. २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी आणि साथीदारांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. उलट फोन येतो. आपली गोष्ट आपल्या भाषेत, गोंडीतसुद्धा, रेकॉर्ड करायची. कुणीतरी ती तपासून पुढे सोडतं, मग इतरांना फोनवर ऐकता येते. हातपंप बिघडलाय, रेशन मिळालं नाही, मजुरी थकली आहे. रेडिओचा परवाना नाही, टॉवर नाही, इंटरनेटही नाही. साधा कीपॅडवाला फोन आणि लोकांचा आवाज.

आणि आपण? पॉडकास्टवाले?

आमच्यापासून पळता येणार नाही, हे मान्य. पॉडकास्टला एफएमसारखा परवाना लागत नाही. म्हणून आजचा हा सगळा विषय मी इथे बोलू शकलो. कुठल्याही खाजगी एफएमवर हा भाग लागला असता का? तुम्हीच सांगा.

पण मालक इथेही आहेत. तुम्ही ज्या ॲपवर ऐकता, ते कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीचं आहे. २०२४ मध्ये गुगलने आपलं ‘गुगल पॉडकास्ट’ ॲप बंद केलं. कुणावर राग नव्हता, कंपनीचं धोरण बदललं, बस. ज्यांची सगळी सवय त्या एका ॲपवर होती, त्यांना दुसरीकडे सामान हलवावं लागलं. पॉडकास्टचं बरं एवढंच की त्याचा मूळ पत्ता, ज्याला आरएसएस म्हणतात, तो खुला असतो. एक ॲप गेलं तरी दुसऱ्यात तोच पत्ता टाकून ऐकता येतं. जो कार्यक्रम फक्त एकाच ॲपवर मिळतो, त्याची किल्ली त्या ॲपच्या खिशात असते.

म्हणून स्वतंत्र माध्यम ओळखायचे तीन साधे प्रश्न सांगतो. लक्षात ठेवायला सोपे आहेत.

एक: परवाना कुणाच्या हातात आहे? म्हणजे उद्या कुणी याला बंद करू शकतं का?

दोन: मालक कोण आहे आणि त्याचे दुसरे धंदे कोणते?

तीन: महिन्याचा खर्च कुठून निघतो? एकाच जाहिरातदारावर चालतंय की पुष्कळ छोट्या हातांवर?

आकाशवाणीला, एफएमला, चॅनलला, मोबाइलवरच्या लोकल न्यूज पेजला, अगदी आम्हालाही हेच प्रश्न विचारा. तिन्हीचं उत्तर शंभर टक्के चांगलं असणारं माध्यम मिळणं अवघड आहे. म्हणूनच एकावर विसंबू नका. काँग्रेस रेडिओला मदत करणारा व्यापारीही होता आणि खैरलांजीचं सत्य आधी मांडणाऱ्यांकडे ना छापखाना होता, ना टॉवर. वेगवेगळ्या प्रकारचे मालक, वेगवेगळ्या प्रकारचा पैसा, वेगवेगळे आवाज असले, की एकाने दाबलेली बातमी दुसऱ्याकडून निघते.

शेवटी एक कामाची गोष्ट. भंडारा जिल्ह्यात कॉलेजं आहेत, साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, बचत गटांच्या बायका तर गावोगाव आहेत. कम्युनिटी रेडिओसाठी अर्ज करायला लागणाऱ्या संस्था आपल्याकडेच आहेत. तुम्ही ज्या कॉलेजात शिकता, तिथल्या प्राचार्यांना एकदा विचारून तर बघा: सर, आपण अर्ज का नाही करत? बातम्यांवरची बंदी उठेल तेव्हा उठेल. पण ती उठेल त्या दिवशी वैनगंगेच्या काठावर माइक धरायला शिकलेली दहा पोरंपोरी आधीच तयार असायला हवीत.

तुमच्या तालुक्यात अशी कुठली गोष्ट आहे, जी कुठल्याच चॅनलवर आली नाही? आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, आपल्या बोलीत पाठवा, झाडीबोलीत असेल तर अजून मजा. तपासून घेऊ आणि पुढच्या भागात लावू.

चला राजेहो, भेटूया!